सुलावेसीला धंदा न्यायचा आहे? आम्ही घेतलेल्या सल्लासेवेचा हिशेब

आमचा कुपवाड एमआयडीसीत ड्रायरचा कारखाना आहे. तासगावच्या बेदाण्यापासून सुरुवात झाली, मग हळद, मिरची, मका. उत्पादन माझे दीर बघतात, निर्यात माझ्याकडे. सासरे अजून रोज सकाळी येऊन वेल्डिंगच्या जोडांवर हातोडी मारून बघतात आणि मगच चहा घेतात. इंडोनेशियाचं डोक्यात आलं ते साध्या कारणाने. सुलावेसी बेटावर कोको, लवंग, खोबरं आणि मका ही चारही पिकं होतात, चारही वाळवल्याशिवाय विकता येत नाहीत, आणि कितीतरी माल आजही रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर पडलेला असतो. ड्रायर विकणाऱ्याला असे फोटो बघवत नाहीत.

पण बेट साधं नाही. सहा प्रांत, सुमारे दोन कोटी लोक, चार लांब द्वीपकल्पं एकमेकांना कशीबशी जोडलेली. भूकंप, त्सुनामी, ज्वालामुखी, दरडी, पूर, सगळं एकाच बेटावर. माणसं म्हणाल तर बुगिस, मकासर, तोराजा, काईली, मिनाहासा, गोरोन्तालो, समुद्रावर जगणारे बाजाऊ, शिवाय सरकारने आणून वसवलेले जावानीज आणि बालीनीज. तिथे गोदाम टाकायचं, माणसं नेमायची, मशीन बिघडलं तर दोन दिवसांत माणूस पोचवायचा, तर आधी कुणाला तरी विचारायला हवं. म्हणून सल्ला विकत घेतला. तो कसा होता ते लिहिते, कारण आमच्या आकाराच्या कारखान्यांना या सेवांबद्दल खरं कुणी सांगत नाही. जो तो माहितीपत्रक पाठवतो.

दोन ठिकाणांहून सल्ला घेतला. पहिला मुंबईतल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीचा अहवाल, तो बँकेला दाखवण्यासाठी हवाच होता. दुसरी सुलावेसीतल्याच मकासर शहरातली चार माणसांची छोटी संस्था. दोघांचीही नावं छापत नाही, कारण खाली स्तुतीबरोबर तक्रारही आहे. हे परीक्षण मुख्यतः मकासरच्या संस्थेचं आहे. त्यांचे सगळे मिळून पावणेसात लाख रुपये झाले, प्रवास आणि राहणं आमचं वेगळं. माझे गुण आधीच सांगून टाकते: जागा आणि आपत्तीच्या भागाला पाचपैकी पाच, माणसांच्या भागाला चार, बाजाराच्या भागाला साडेतीन, पैशांच्या गणिताला दीड.

मुंबईच्या अहवालात आपत्तीचं प्रकरण शेवटून दुसरं होतं. लाल-पिवळे-हिरवे चौकोन, त्यात 'भूकंप: उच्च', 'पूर: मध्यम', आणि उपाय म्हणून 'योग्य विमा घ्यावा'. हे वाचून काय करायचं? सांगलीत राहणाऱ्याला 'पूर: उच्च' असं सांगून उपयोग नसतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कुठल्या गल्लीत कुणाच्या ओट्यापर्यंत आलं, हे ज्याला ठाऊक तोच गोदामाची जागा सांगू शकतो. मकासरच्या लोकांकडे अशी माहिती होती. त्यांनी अहवाल नंतर दिला, आधी जागेवर नेलं.

आमच्या मनात पालू होतं. मध्य सुलावेसीची राजधानी, जवळच सिगी आणि पारिगी मौतोंग हे कोको-मक्याचे जिल्हे, पंतोलोआन बंदर हाताशी. शहराच्या दक्षिणेला सिगीच्या दिशेने एक जागा नेटवरून हेरून ठेवली होती: सपाट, रस्त्याला लागून, भाव मकासरच्या मानाने फारच कमी. संस्थेबरोबर पालूचा एक निवृत्त स्थापत्य अभियंता काम करतो. त्यांना सगळे 'पाक' म्हणत, म्हणजे आपल्याकडचं 'साहेब', आम्हीही तेच म्हणू लागलो. पाक त्या जागेवर आले, इकडेतिकडे बघितलं आणि सरळ शेजारच्या घरी जाऊन विहीर कुठे आहे विचारलं. खिशातून सुतळी काढली, दगड बांधला, आत सोडला. वर ओढून ओल्या भागापासून गाठीपर्यंत हाताने मोजलं. माझ्या खांद्याइतकंही भरलं नाही. मग म्हणाले, 'आता पेतोबोला जाऊ.'

पेतोबो हा पालूचा एक भाग. २८ सप्टेंबर २०१८ ला संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर पालू-कोरो भ्रंशावर, म्हणजे जमिनीखालच्या मोठ्या भेगेवर, ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला. एकूण बळी चार हजारांवर. जगाने बघितली ती त्सुनामी, पण पेतोबो, बालारोआ, जोनो ओगे इथे समुद्राचा संबंधच नव्हता. तिथली जमीनच पातळ झाली आणि घरं, झाडं, रस्ते घेऊन शेकडो मीटर वाहत गेली. पाकांनी एका उंचवट्यावर उभं करून दाखवलं: वर कालव्याची रेघ, खाली एक रुंद उघडा पट्टा. उतार असा की डोळ्याला सपाटच वाटावा. हा गुंबासाचा कालवा, डच राजवटीतला. त्याच्या पाण्यावर खालची भातशेती वर्षानुवर्षं ओली राहिली, जमिनीतलं पाणी वर आलं, आणि हादरा बसल्यावर ती रेताड माती टिकली नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भातशेतीच्या पाण्याचा हा संबंध स्पष्ट दाखवला आहे. पण ते वाचणं वेगळं आणि विहिरीत दगड सोडलेला बघून लगेच तो पट्टा बघणं वेगळं. आमची स्वस्त सपाट जागा त्याच कालव्याच्या खालच्या अंगाला होती.

भूकंपानंतर सरकारने पालू, सिगी आणि दोंगाला या भागाचा चार प्रकारचा आपत्ती-पट्ट्यांचा नकाशा काढला. चौथ्या प्रकारात पुन्हा बांधायला मनाई, तिसऱ्यात मर्यादा, दुसऱ्यात अटी. संस्थेने आमच्या यादीतल्या प्रत्येक जागेवर त्या पट्ट्याचा क्रमांक लिहिला, शिवाय विहिरीची खोली, कालव्यापासूनचं अंतर आणि भ्रंशरेषेपासूनचं अंतर. एक पान, एक तक्ता. यादीतल्या निम्म्याहून जास्त जागा तिथेच कटल्या. पावणेसात लाखांतले निम्मे पैसे मी या एका पानासाठी दिले असं समजते.

कचेरीसाठी आम्हाला एक 'रुको' दाखवली होती. इंडोनेशियात जिकडे तिकडे हीच इमारत: खाली दुकान, वर दोन मजले राहायला. दर्शनी बाजूला पूर्ण रुंदीचं शटर, त्यामुळे खालच्या मजल्याला पुढून भिंतच नसते, वर मात्र भरलेले मजले. भूकंपात असा खालचा मजला मोडतो आणि वरचा भार त्यावर बसतो. पाकांनी शटरवर हात आपटून 'इथे बसू नका' एवढंच सांगितलं. जानेवारी २०२१ मध्ये पश्चिम सुलावेसीत मामुजू-माजेनेला ६.२ चा भूकंप झाला, त्यात राज्यपालांची कचेरी अर्धीअधिक कोसळली. तिथे सरकारी इमारतीची ही गत, तर भाड्याच्या रुकोचं काय घेऊन बसलात, असा त्यांचा सूर. शेवटी कचेरी म्हणून एका मजल्याची, लोखंडी सांगाड्याची, पत्र्याची शेड सुचवली. ती दिसायला आमच्या कुपवाडच्या शेडसारखीच, त्यामुळे दीरांना फारच आवडली.

कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी एक पानाची सूचना करून दिली, स्थानिक भाषेत, भिंतीवर लावायची. पालूच्या खाडीत २०१८ ला लाटा भूकंपानंतर काही मिनिटांतच आल्या. तलिसेच्या किनाऱ्यावर त्या संध्याकाळी पालू नोमोनी उत्सवाची गर्दी होती. भोंग्याची किंवा मोबाइलवरच्या इशाऱ्याची वाट बघण्याइतका वेळ कुणालाच मिळाला नाही. म्हणून सूचनेचं पहिलं वाक्य असं: हादरा लांबला की गाडी, लॅपटॉप, चाव्या सगळं सोडून चालत वर जा, फोन नंतर. दुसरं वाक्य कुठल्या रस्त्याने. तिसरं, कुणी कुणाची खात्री करायची. मुंबईच्या अहवालात 'कर्मचारी सुरक्षा धोरण' या नावाने सहा पानं होती आणि त्यात रस्त्याचं नाव एकदाही नव्हतं.

सुट्या भागांचा साठा हा आमच्या धंद्याचा प्राण. बर्नर, ब्लोअरचा पट्टा, सेन्सर, कंट्रोल पॅनेल. हंगामात ड्रायर दोन दिवस बंद राहिला तर गिऱ्हाईक आयुष्यभर लक्षात ठेवतं. आमचा बेत होता सगळं पालूत ठेवायचा. त्यांनी साठा दोन ठिकाणी करायला लावला, मकासरला मोठा आणि पारिगीच्या बाजूला छोटा. कारण पालूहून पारिगीकडे जाणारा केबुन कोपीचा घाट पावसात दरडींनी वरचेवर बंद होतो, आणि २०१८ ला पंतोलोआन बंदरातली क्रेनच आडवी झाली होती. म्हणजे बंदर आणि रस्ता एकाच दिवशी जाऊ शकतात. मकासरच्या नव्या बंदराचं उद्घाटन २०२४ मध्ये झालं, तिकडून माल नियमित मिळतो. पण मकासरही कोरडं नाही. जानेवारी २०१९ च्या पुरात शहर आणि शेजारचा गोवा जिल्हा (आपला गोवा नव्हे) पाण्यात होता. म्हणून तिथेही तळमजल्यावर रॅकचं खालचं फळकूट रिकामं ठेवायचं, ही अट त्यांनी भाडेकरारातच घालून दिली.

विम्याचंही त्यांनी नीट सांगितलं. तिकडच्या साध्या आगीच्या पॉलिसीत भूकंप धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. घेताना यंत्रांबरोबर धंदा बंद राहिल्याच्या नुकसानीचंही विचारा, कारण आमचं मशीन सहीसलामत राहिलं तरी गिऱ्हाइकाकडे सहा महिने वीज आणि रस्ता नसेल तर आमची विक्री शून्यच.

आता माणसांचा भाग. संस्थेच्या प्रमुख बाई बुगिस आहेत, पन्नाशीच्या, त्यांना सगळे 'इबू', म्हणजे 'बाई', म्हणतात. मुंबईच्या अहवालात 'सांस्कृतिक पैलू' म्हणून एक कोष्टक होतं: सहा प्रांत, प्रत्येकापुढे धर्म, भाषा आणि 'सौम्य स्वभाव' असले शेरे. इबूंनी कोष्टक दिलंच नाही. त्यांनी आमच्या भावी टीमची यादी घेतली आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं वर्ष लिहिलं: हा रमजानमध्ये दुपारनंतर दमलेला असेल, हा शुक्रवारी अकरा ते दीड भेटणार नाही, ही तेन्तेना गावची ख्रिश्चन, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून घरी. पारिगी मौतोंगमधल्या बालीनीज गावांत न्येपीच्या, म्हणजे त्यांच्या हिंदू नववर्षाच्या मौनाच्या दिवशी कुणी घराबाहेरच पडत नाही, त्या दिवशी डिलिव्हरी लावू नका.

तोराजाच्या तंत्रज्ञाबद्दल त्या जास्त वेळ बोलल्या. तोराजात अंत्यविधी माणूस गेल्यावर लगेच होत नाही. कुटुंब पैसे जमवतं, म्हशी घेतं, लांबचे नातेवाईक येतील असा काळ ठरवतं, बहुतेकदा जुलै-ऑगस्टमध्ये किंवा डिसेंबरात, आणि मग कित्येक दिवस सोहळा चालतो. रामबू सोलो म्हणतात त्याला. मयत जवळचं असो वा चुलत मावशीच्या घरचं, देणं-घेणं पिढ्यान्पिढ्यांचं असतं, गेलंच पाहिजे. 'तो तुमच्याकडे रजा मागणार नाही, कळवेल,' इबू म्हणाल्या. 'आणि तुम्ही एक डुक्कर किंवा निदान साखरेची पोती पाठवलीत तर तो पुढची दहा वर्षं तुमच्याकडे राहील.' आमचं घर माळकरी. डुकराचा विषय मी सासऱ्यांसमोर काढलेला नाही. साखर पाठवायची ठरली आहे, आणि सांगलीवाल्यांना साखरेचं काय कौतुक! तर जुलै-ऑगस्टमध्ये तोराजाचा माणूस मशीन उभारणीच्या कामावर धरायचा नाही, हे आता आमच्या उत्पादनाच्या वेळापत्रकात आहे.

सणाचा पगार हा तिकडे कायद्याचा भाग आहे. वर्ष भरलेल्या कामगाराला एक महिन्याचा पगार जादा, आणि तो सणाच्या किमान सात दिवस आधी. आपल्या दिवाळी बोनससारखंच, फक्त ज्याचा सण त्याच्या वेळी. मिश्र टीम असेल तर ईद, नाताळ, न्येपी असे पैसे वर्षातून अनेकदा बाहेर पडतात. आमच्या कॅशफ्लोत मुंबईवाल्यांनी तो एकदाच टाकला होता.

वेल्डर-फिटर मिळवण्याबाबत इबूंनी आशा दाखवली नाही, हे मला आवडलं. मोरोवालीचे निकेलचे कारखाने बेटभरातून हाताला कौशल्य असलेली पोरं ओढून घेतात, आणि तिथला पगार आम्ही देऊ शकत नाही. त्यांचा सल्ला: मोरोवालीला जाऊन परत आलेली, लग्न झालेली, आता गावाजवळच काम हवं असलेली माणसं शोधा. अशी दोन माणसं त्यांनी भेटवली. त्यातल्या एकाने आमच्या ड्रायरच्या चित्रात ब्लोअरचा दरवाजा उलट्या बाजूला हवा हे दाखवून दिलं. दीर दोन मिनिटं गप्प झाले आणि मग त्याचा नंबर घेतला.

इथे एक गुण कापते. पालूच्या काईली लोकांबद्दल मकासरच्या टीमच्या बोलण्यात एक वरचा सूर येतो. 'ते जरा संथ', 'त्यांना सांगावं लागतं'. पालूचा आमचा ड्रायव्हर काईली होता, तो हे ऐकून आरशातून माझ्याकडे बघून हसला. नंतर चहाला थांबलो तेव्हा त्याने मला कुठल्या कोको संकलकाचा काटा खरा आणि कुणाचा खोटा याची यादीच सांगितली, जी संस्थेच्या अहवालात नाही. पोसोच्या बाजूला १९९८ पासून काही वर्षं ख्रिश्चन-मुस्लिम दंगे झाले, २००१ च्या डिसेंबरात मालिनोला समेट झाला. त्या भागात कुणाला कुठल्या गावी पाठवायचं हेही इबूंनी वरवर सांगितलं. हा विषय स्थानिक माणसाकडूनच समजून घ्यावा लागतो, आणि त्यांच्या टीममध्ये पोसोचं कुणी नाही. तशी व्यक्ती घ्यायला हवी.

बाजाराचा भाग अर्धा चांगला, अर्धा ढिला. चांगलं हे की कोकोचा शेतकरी आमचं गिऱ्हाईक नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याची जमीन हेक्टरभर, झाडं म्हातारी आणि रोगट, ऐंशीच्या दशकात बुगिस शेतकऱ्यांनी लावलेल्या बागा आता उतरणीला. शिवाय बीन्स आंबवून, नीट वाळवून आणले तरी गावातला संकलक भाव जवळपास तोच देतो. मग तो ड्रायरवर खर्च का करील? पारिगीजवळ एका संकलकाच्या गोदामात गेलो. पोत्यातून मूठभर बीन्स काढायचे, मुठीत दाबून आवाज ऐकायचा, एक दाताखाली फोडायचा आणि भाव सांगायचा. मी आमचा ओलावामापक काढला, साडेनऊ टक्के निघाला. त्याने मापकाकडे बघितलंही नाही, 'नऊ' म्हणाला. निर्यातीला साडेसात लागतात, उरलेलं तो स्वतःच्या अंगणात वाळवतो, आणि पाऊस लागला की तिथेच त्याचा माल बुरशीला जातो. आमचं गिऱ्हाईक हा. त्याला ताशी टनांतली क्षमता हवी, दिसायला सुंदर स्टेनलेस नको, आणि नारळाच्या करवंटीवर चालणारी भट्टी हवी. कारण करवंटी तिकडे मुबलक आणि स्वस्त, तर घरगुती सवलतीचा गॅस एवढ्या मोठ्या धंद्याला वापरता येत नाही.

ढिला भाग असा की तापमानाचं त्यांना काही कळत नाही. कोको घाईने, जास्त उष्णतेने वाळवला तर आतलं ॲसिड आतच अडकतं आणि चॉकलेटवाला माल परत करतो. लवंग जास्त तापवली तर तेल उडतं. त्यांच्या अहवालात चारही पिकांना एकच मशीन धरलेलं होतं. ते आम्हीच दुरुस्त केलं, आणि त्यासाठी आम्ही दुसऱ्याला पैसे का द्यायचे हा प्रश्न राहतोच. लवंगेच्या तोलितोली जिल्ह्याचं तर त्यांनी फोनवरूनच उरकलं. उत्तरेकडे मनादो-बितुंगचा भाग जवळजवळ गाळलेला होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये रुआंग ज्वालामुखीच्या राखेने मनादोचा विमानतळ बंद ठेवावा लागला, तेवढा एक परिच्छेद.

सरकारी खरेदीचं मात्र त्यांनी नेमकं सांगितलं. तिकडे शेतकरी गटांना यंत्रं बऱ्याचदा सरकारी मदतीतून मिळतात, आणि सरकारी खरेदीत मालातला देशी हिस्सा मोजतात. कुपवाडहून पूर्ण जोडलेलं मशीन पाठवलं तर त्या दारातून आत जाणं जवळपास अशक्य. म्हणून सांगाडा आणि पत्रा तिकडे बनवून घ्यायचा, बर्नर-ब्लोअर-पॅनेल इथून. यात भाड्याचीही बचत. २०१० पासूनच्या आसियान-भारत करारामुळे फॉर्म एआय (माल भारतात बनल्याचा दाखला) जोडला तर आयात शुल्कात सवलत मिळू शकते, ते तुमच्या सीएचएला, म्हणजे कस्टम एजंटला, ठाऊक असतंच.

परवान्यांचा भाग थोडक्यात: परदेशी मालकीची कंपनी काढायची तर दर व्यवसायप्रकाराला जमीन-इमारत सोडून दहा अब्ज रुपियांहून अधिक गुंतवणूक दाखवावी लागते, आपले साधारण पाच-साडेपाच कोटी. परदेशी कंपनीला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, बांधकाम-वापराचा हक्क मिळतो, तीस वर्षं आणि पुढे मुदतवाढ. पहिली दोन-तीन वर्षं वितरकामार्फत जा, असं संस्थेचं मत आणि आमचंही. मशीन उभं करायला फिटर पाठवायचा तर त्यासाठी वेगळ्या वर्गाचा व्हिसा लागतो, 'मीटिंगला चाललोय' म्हणून पाठवू नका.

पैशांच्या गणिताबद्दल बोलायलाच नको, पण दीड गुण दिलाय तर कारण सांगते. त्यांच्या एक्सेलमध्ये पाचही वर्षं विक्री वाढतच जाते. ज्या संस्थेने मला विहिरीत दगड सोडून दाखवला, तिच्याच तक्त्यात एकाही वर्षी भूकंप नाही, पूर नाही, कोकोचा भाव पडत नाही. कोकोचा जागतिक भाव २०२४ च्या डिसेंबरात टनाला बारा हजार डॉलरच्या वर गेला आणि पुढे जोरात उतरला. त्यांनी वरचा आकडा धरला होता. मी विचारलं तर इबू म्हणाल्या की गिऱ्हाइकांना असंच आवडतं. मग मी आमच्या सीएकडून एक वर्ष शून्य विक्रीचं आणि एक वर्ष निम्म्या विक्रीचं टाकून तक्ता नव्याने करून घेतला. तो बँकेने जास्त विश्वासाने वाचला. शिवाय जकार्ताच्या वकिलाची फी नंतर वेगळी लावली, आधी सांगितली नव्हती. भांडून निम्मी कमी केली.

अहवालाचं इंग्रजी दिव्य आहे. त्यांचा इंडोनेशियन मसुदा मागून घ्या आणि शंका आली की त्यावर बोट ठेवून विचारा. त्यांची वेळ आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे तुम्ही दहाला कारखान्यात पोचता तेव्हा ते जेवायच्या तयारीत असतात. फोन सकाळी साडेसातला करा, लगेच उचलतात.

शाकाहारी असाल तर पालूत काय खाल हा प्रश्न मला सगळे विचारतात. तेम्पे, तोफू, गादो-गादो मिळतं, सांगताना 'कोळंबीची पेस्ट नको' हे आधी सांगायचं. पालूचा तळलेला कांदा मात्र विकत आणा. छोट्या जातीचा, कुरकुरीत, महिनाभर राहतो. माझ्या दिरांनी तो हातात घेऊन आधी ओलावा किती असेल याचाच अंदाज केला आणि बनवणाऱ्या बाईंना मशीनचा फोटो दाखवला. त्यांना परवडणार नाही, पण त्यांच्या शेजारणींचा गट आहे, तिघी मिळून घेऊ म्हणाल्या. छोटं मशीन, घरगुती वीज. हे गिऱ्हाईक कुणाच्याच अहवालात नव्हतं.

ज्यांना जकार्ताच्या वितरकाला कंटेनर पाठवून मोकळं व्हायचं आहे त्यांनी या सेवेवर पैसे घालवू नयेत. ज्यांच्या मालाला जागेवर माणूस, सुटे भाग आणि शेड लागते, त्यांनी घ्यावी, पण करार करताना चार गोष्टी लिहून घ्या. अभियंता प्रत्यक्ष किती दिवस बरोबर असेल. जागांचा तक्ता आधी, बाकी अहवाल नंतर, आणि पैशांचा पहिला हप्ता तक्त्यावर. वकिलाची फी आत की बाहेर. आणि पैशांचं गणित त्यांच्याकडून घ्यायचंच नाही, तेवढी रक्कम कमी करायला लावा. आम्ही आता गोरोन्तालोच्या मक्यासाठी त्यांच्याशी पुन्हा बोलतो आहोत. त्यांनी मागितलेला आकडा जास्त आहे, मक्याच्या काढणीच्या वेळी पाक स्वतः येणार असतील तरच देऊ असं कळवलं आहे.